शिऱ्यातला बेदाणा

(दृश्य : सकाळ. पेठेतल्या अमृततुल्याबाहेरचं बाकडं. चहाचे ग्लास. बाकड्याखाली एक कुत्रा.)

चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधीच आजोबांचा हात खिशात जातो. पुडा चुरचुरला, की मोतीचे कान ताठ होतात. एक बिस्किट चहात, एक मोतीला. आठ वर्षं हा नेम चुकलेला नाही. मोती आता १४ किलोंचा आहे. डॉक्टर म्हणतात, तो १० किलोंचा हवा.

मोतीला गोड आवडतं, आणि ही नुसती सवय नाही. मांजराच्या जिभेला गोडाची चव कळतच नाही, कुत्र्याला ती कळते. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढताना तो पिष्ट पदार्थ पचवायलाही शिकला. लांडग्यापेक्षा हे काम त्याला कितीतरी चांगलं जमतं, असं २०१३ साली त्याच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसून आलं. पोळीचा तुकडा त्याला परका नाही.

मग साखर विष आहे का? नाही. गुळाच्या एका खड्याने धडधाकट कुत्रा आजारी पडत नाही. ‘गोड दिलं की जंत होतात’ असं घरोघरी सांगतात, पण जंत साखरेतून येत नाहीत. ते येतात मातीतल्या अंड्यांतून, पिसवांतून, आईकडून पिल्लाला. मधुमेहाचंही तसं सरळ गणित नाही. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा स्वादुपिंड इन्सुलिन बनवणंच थांबवतं. मग आयुष्यभर, साधारणपणे दिवसातून दोनदा इंजेक्शन, आणि अनेकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

साखरेचं खरं दुखणं रोजच्या हिशोबात आहे. १० किलोंच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५५० ते ६०० कॅलरी पुरतात. वरखाण्याचा वाटा त्यातला दहावा हिस्सा, त्याहून जास्त नको. एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी असतात. म्हणजे तीन बिस्किटांत दिवसाचे लाड संपले. त्यानंतर नातवाने दिलेलं, शेजारच्या काकूंनी दिलेलं, ते सगळं अंगावर चढतं आणि गुडघ्यांना सोसावं लागतं.

(दृश्य : देवघर. सत्यनारायणाचा प्रसाद. शिऱ्यावर बेदाणे.)

आता या वाटीकडे पाहा. यातल्या साखरेपेक्षा भीती वाटावी ती बेदाण्याची.

द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. एखादा मूठभर खाऊनही खेळत राहतो, दुसऱ्याला थोडे पुरतात. कोणाला किती, हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही नको. टार्टारिक आम्लामुळे हे होतं, असं अलीकडच्या काळात पुढे आलंय. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा चिंच-गुळाच्या आमटीत बुडवलेला पोळीचा घासही नको. शिऱ्यातलं सढळ तूप हा आणखी एक धोका. स्निग्ध पदार्थ एकदम जास्त पोटात गेले, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उलट्या होतात, पोट दुखतं, कुत्रा पाठ वाकवून उभा राहतो.

चॉकलेटबद्दल आता बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यातलं थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याला बाधतं, आणि ते निम्मं उतरायलाच त्याला सतरा-अठरा तास लागतात. जितकं कडू चॉकलेट, तितकं जास्त घातक.

पण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती साखर नसलेल्या गोडाची. घरात कुणाला मधुमेह असतो, म्हणून शुगर-फ्री च्युइंगम, गोळ्या आणलेल्या असतात. त्यांतल्या काहींमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल हे गोड द्रव्य असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीराला मात्र ती साखरच वाटते. स्वादुपिंड भराभर इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली खरी साखर कोसळते. काही वेळा अर्ध्या तासात कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो, उलटी करतो, झटके येतात. १० किलोंच्या कुत्र्याला १ ग्रॅमही धोक्याचं, आणि ५ ग्रॅम पोटात गेलं तर यकृत जाऊ शकतं. पाकिटावर घटकांच्या यादीत झायलिटॉल हे नाव किंवा त्याचा ९६७ हा क्रमांक शोधा. टूथपेस्ट, माउथवॉश, पीनट बटरही तपासा.

असं काही खाल्लंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. पाकीट हातात घ्या आणि डॉक्टरांकडे निघा. किती खाल्लं, किती वाजता, हे सांगा. उलटी व्हावी म्हणून घरी मिठाचं पाणी पाजू नका. मिठानेही जीव जातो.

(दृश्य : स्वयंपाकघर. कढई. दारात बसलेला मोती.)

कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी कशी खाणार, म्हणून. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या घरात, प्रसादाला दारात बसलेल्या जिवाला रिकाम्या तोंडाने उठवणं जमत नाही. आजींनाही जमेना. बेदाण्याचं ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. आठ वर्षं प्रत्येक पौर्णिमेला त्यांनी स्वतःच्या हाताने शिरा भरवला होता.

आता त्या रवा कोरडा भाजतात. तूप, साखर, बेदाणे पडायच्या आधी दोन चमचे रवा बाजूला काढतात आणि नुसत्या पाण्यात शिजवतात. नैवेद्य दाखवून झाला, की आधी मोतीची वाटी.

“घे रे बाळा,” आजी म्हणतात. मोती वाटी चाटत चाटत पार दारापर्यंत ढकलत नेतो.