द जॅमचा ‘ऑल मॉड कॉन्स’: पंक गाण्यात गोष्ट कशी शिरली

नमस्कार मंडळी! आजचा अल्बम ‘ऑल मॉड कॉन्स’, नोव्हेंबर १९७८. बँड ब्रिटनचा, द जॅम; वाजवायचे पंक, म्हणजे वेगवान, रांगडं, बंडखोर रॉक. माणसं तीनच: गिटार आणि आवाज पॉल वेलर, बेस ब्रूस फॉक्सटन, ड्रम्स रिक बकलर.

आधीची अडचण बघा. पहिला अल्बम मे १९७७चा, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. सहा महिन्यांत दोन! नवी गाणी साठणार कधी? दुसरा अल्बम उरकल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. तिसऱ्याचे डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग्ज, तर त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, पॉलिडॉरने, नाकारली. वीस वर्षांचा वेलर आपल्या गावी, वोकिंगला जाऊन पुन्हा लिहायला बसला.

आता थेट शेवटचं गाणं लावा, ‘डाउन इन द ट्यूब स्टेशन ॲट मिडनाइट’. आधी भुयारी रेल्वेचा आवाज, मग फॉक्सटनचा बेस. हेडफोन घाला, कारण फोनच्या स्पीकरवर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही आणि हे गाणं त्याच्यावरच उभं आहे.

विषय काय, तर रात्री घरी निघालेल्या माणसाला स्टेशनात गुंड बेदम मारतात. दुसऱ्या कुणी इथे फॅसिस्टांच्या नावाने चार घोषणा ठोकल्या असत्या. वेलर त्या माणसाच्याच तोंडून सांगतो: हातात पार्सल करी आहे, मशीनमध्ये पैसे टाकलेत, घरी बायको वाट बघतेय. गुंड कुठले? अंगाच्या वासावरून कळतं: पब, तुरुंग आणि उजव्यांच्या सभा. मार खाऊन पडल्यावर त्याच्या डोक्यात येतं, करी गार झाली. आणि किल्ल्या त्यांनी नेल्यात. दार वाजलं की तिला वाटेल, मीच आलो. पुढे काय झालं, ते वेलर सांगत नाही. आणि हे गाणं तो टाकूनच देणार होता! निर्माता व्हिक कॉपरस्मिथ-हेवनने हट्ट धरला, म्हणून राहिलं.

गाणी लिहीत असाल तर एक करा. कडव्यातली ‘अन्याय’, ‘व्यवस्था’ असली नामं खोडा आणि पात्राच्या हातात एक वस्तू द्या. बहुतेक जण इथवर येतात आणि वस्तूंची नुसती यादी करतात; मग गाणं कोरडं पडतं. ती वस्तू परत यायला हवी, आणि बदललेली. करी आधी हातात असते, नंतर गार होते, म्हणून मनाला लागते.

पाचवं गाणं ‘इंग्लिश रोझ’: वेलरचा आवाज आणि अकूस्टिक गिटार, बस. मूळ कव्हरवर त्याचं नावसुद्धा छापलं नव्हतं.

म्हणजे बँड मवाळ झाला का? छे! ट्यूब स्टेशनच्या अगदी आधी ‘ए-बॉम्ब इन वॉर्डर स्ट्रीट’ आहे, तेच जुनं दणदणीत पंक. कच्चं गाणंही सापडतं: ‘बिली हंट’मध्ये बढाया भरपूर, माणूस काही दिसत नाही. ते आणि ट्यूब स्टेशन लागोपाठ ऐका, आणि कुठलं आधी लिहिलं असेल असं वाटतं, ते खाली कॉमेंटमध्ये सांगा.