पुकारा

[पहाट. लासलगाव. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग.]

तीस वर्षं या रांगेतून लिलाव पुकारणारा एक आवाज फिरत होता. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, भाव चढवत. एका मार्गशीर्षात तो बसला. धूळ गेली असेल, हवा बदलली असेल, म्हणत काकांनी दोन महिने हळद-दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या. खिशातली विडी तेवढी सुटली नाही. मग मानेत गाठ हाताला लागली आणि घास गिळताना कानात कळ जायला लागली.

नाव सांगू नका, एवढीच त्यांची अट. म्हणून आपणही त्यांना काकाच म्हणू.

नाशिकला घशात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला गेला. स्वरयंत्राचा कर्करोग, मानेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. तिसरी स्टेज. किती दिवस उरले, हे काकांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, आवाज काढून टाकणार का?"

एके काळी उत्तर बहुतेक वेळा 'हो' असं असायचं. अख्खं स्वरयंत्र काढायचं आणि मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. 1991 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं, की केमो आणि रेडिएशनने बऱ्याच जणांचं स्वरयंत्र वाचवता येतं. केमो आधी द्यायचा की रेडिएशनसोबतच, हा त्याच्या पुढचा प्रश्न 2003 साली सुटला. रुग्णांचे तीन गट केले होते. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी 70 टक्के लोकांचं स्वरयंत्र दोन वर्षांनी शाबूत होतं. आधी केमो आणि मग रेडिएशन, असं केलेल्यांत 75 टक्के. दोन्ही एकाच वेळी दिलेल्यांत 88 टक्के.

एकाच वेळी देण्यात एवढं काय आहे?

[मशीनची खोली. हिरव्या रेषा छतावरून खाली येतात.]

रेडिएशनला आपल्याकडे कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक'. शेकासारखं त्यात काही नसतं. ना ऊब लागते, ना दुखतं. हे किरण पेशीच्या आतला डीएनएचा धागा तोडतात. पण कर्करोगाची पेशी चिवट असते, तुटलेला धागा ती पुन्हा सांधायला बसते. अशा वेळी रक्तात सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असलं, की ते त्या धाग्याला जागोजागी चिकटतं आणि सांधा बसू देत नाही. किरणांनी तोडायचं आणि औषधाने जुळू द्यायचं नाही. म्हणून दोघांची वेळ एक असावी लागते.

हे औषध म्हणजे प्लॅटिनमचं संयुग. 1965 मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंच्या द्रावणातून वीज सोडून बघत होते. जिवाणू लांबत गेले, पण त्यांची विभागणी थांबली. कारण विजेचं निघालं नाही. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेलं काहीतरी ते काम करत होतं. त्यातूनच पुढे हे औषध आलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे गालाचे, जिभेचे कर्करोग फार. त्यात सहसा आधी ऑपरेशनच करतात. गाठीतला रोग तिचं आवरण फोडून बाहेर आला असेल किंवा काढलेल्या भागाच्या कडेला पेशी उरल्या असतील, तर नंतरच्या रेडिएशनला केमोची जोड देतात. आणि सत्तरी ओलांडलेल्यांना या जोडीचा फायदा फारसा दिसत नाही.

[काकांच्या चेहऱ्यावर जाळीदार मास्क बसवला जातो.]

सुरुवातीला किडके दात काढले, कारण रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर, खांद्यांवर दाबून हा मास्क तयार झाला. रोज तो टेबलाला पक्का बसवतात, म्हणजे किरण रोज तिथेच पडतात. दिवसाला 2 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), असे 35 दिवस, एकूण 70 ग्रे. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. केमो 1, 22 आणि 43व्या दिवशी. सिस्प्लॅटिन किडनीवर जातं, म्हणून आधी आणि नंतर सलाईनवर सलाईन. लघवी मोजून वहीत लिहायचं काम काकूंचं.

रोज लासलगावहून येणं-जाणं शक्य नव्हतं. पंचवटीत मेव्हण्याकडे बिऱ्हाड हललं. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, दिले होते.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काका चालत यायचे. मग तोंड आलं. साधं तोंड येणं नव्हे, घसा आतून सोलवटला. पाणी तिखट लागायचं. चव गेली, लाळ चिकट झाली, कानात शिट्टी वाजायला लागली. पाचव्या आठवड्यात नाकातून नळी घातली, त्या दिवशी काकांनी पाटीवर लिहिलं, 'बास. घरी.'

मला या सात आठवड्यांतला हाच दिवस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कितीतरी माणसं इथूनच परत जातात. अंगात त्राण नसतं, रोजगार बुडालेला असतो, आणि गाठ तर लहान झालेली दिसते; मग आणखी छळ कशाला? पण साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा जोराने वाढू लागतात. मधे पडलेला एकेक दिवस त्यांच्या पथ्यावर पडतो.

हे काकांना डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पटवलं ते मेव्हण्याने. दिंडोरीला त्यांची द्राक्षबाग आहे. ते एवढंच म्हणाले, "दाजी, ढगाळ हवेत फवारणी चुकवली की डावणी रोग बाग ठेवत नाही." काकांनी पाटी पुसली.

औषध थोडं-थोडं दिलं तर त्रास कमी होईल का, हा प्रश्न मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने 300 रुग्णांवर तपासला. त्यातले बहुतेक ऑपरेशन झालेले होते. 2018 मध्ये निष्कर्ष आला. दर आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 30 मिलिग्रॅमच्या हिशेबाने औषध मिळालेल्यांचा त्रास कमी झाला खरा, पण दोन वर्षांनी मूळ जागी आणि मानेत रोग आटोक्यात होता तो 58.5 टक्के लोकांत. दर तीन आठवड्यांनी त्याच हिशेबाने 100 मिलिग्रॅम घेतलेल्यांत 73.1 टक्के. किडनी किंवा कान सिस्प्लॅटिन सोसणार नाहीत, अशांसाठी डोसेटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाचा उपयोग होतो, हेही टाटाच्याच डॉक्टरांनी 2023 मध्ये दाखवलं.

[पस्तिसावा दिवस. मास्क टेबलावरून सुटतो.]

नळी आणखी महिनाभर राहिली. मग पातळ पेज, मऊ खिचडी. तोंड अजून कोरडं पडतं, पाण्याची बाटली कायम सोबत. विडी त्या पहिल्या सोमवारपासून बंद आहे.

बारा आठवड्यांनी पेट स्कॅन झाला. गाठ दिसली नाही. डॉक्टरांनी दर दोन महिन्यांनी दुर्बिणीने घसा तपासायला बोलावलंय.

[नाशिकचा एसटी स्टँड. संध्याकाळ.]

बसमध्ये काकू पैसे काढत होत्या. काकांनी त्यांचा हात थांबवला.

"लासलगाव, दोन."

कंडक्टरला ऐकू गेलं नाही. काकांनी घोटभर पाणी प्यायलं, घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं. मागच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं.