तळ्यातले मासे पहाटे का मरतात?

(दृश्य: उजाडण्याआधीचं तळं. काठापाशी माशांची तोंडं.)

मासे पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकतायत. काही आधीच उलटे होऊन तरंगू लागलेत. काल संध्याकाळी तळं ठीक दिसत होतं, त्यामुळे पहिला संशय विषाचा येतो. रात्रीतून कुणीतरी काहीतरी टाकलं असणार, असं म्हणत माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. उन्हाळ्यात मात्र पुष्कळदा या मरतुकीमागे कुणाचाच हात नसतो. पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं. पाणी दहा अंशांनी तापलं, तर त्याला जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो.

तरीही भर दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना, मासे सहसा मरत नाहीत. असं का?

(दृश्य: दुपारचं हिरवंगार पाणी.)

पाण्याचा हा हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा. उन्हात ते इतका प्राणवायू तयार करतं की कधीकधी पाण्यात मावतो त्याहून जास्त होतो. सूर्य मावळला की ही निर्मिती थांबते. श्वास मात्र सगळ्यांचाच चालू राहतो. माशांचा, तळाच्या गाळातल्या जिवाणूंचा आणि खुद्द त्या शेवाळाचाही. रात्रभर नुसता खर्च. पहाटेपर्यंत प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर रोहू, कटला यांसारखे कार्प जातीचे मासे कासावीस होतात. १ मिलिग्रॅमच्या आसपास ते मरू लागतात.

आधी मोठे मासे जातात, आणि विषाचा संशय आला तर ही खूण आधी पाहावी. लहान मासे बऱ्याचदा वाचतात. मरळ, मागूर यांना थेट हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे तेही तगतात.

(दृश्य: भरून आलेलं आभाळ, तळ्यावर वादळी पाऊस.)

उकाड्यानंतरच्या पावसाने आपल्याला बरं वाटतं, पण तळ्याला तो कधीकधी घातक ठरतो. उन्हाळ्यात गरम, हलकं पाणी वर राहतं आणि थंड, जड पाणी तळाशी. दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी उरलेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ कुजत राहतं आणि तिथला प्राणवायू संपतो. वादळी वारा आणि थंड पाऊस हे थर एकदम घुसळतात, आणि तळाचं निकस पाणी सगळीकडे पसरतं. पुढे दोनतीन दिवस ढगाळ राहिले, तर शेवाळाला पुरेसं ऊनही मिळत नाही.

धोका आधी ओळखता येतो. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून पाहा. तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ फार दाट झालंय. अशा वेळी शेवाळ मारायचं औषध एकदम ओतू नये. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. पाण्यातला प्राणवायू मोजायचं मीटर असेल, तर मोजणी पहाटे करावी. दुपारच्या आकड्यावर विसंबून अनेकांची तळी गेली आहेत.

मासे तोंड वर काढू लागले, की खाद्य तातडीने बंद करा. भुकेले वाटून जास्त टाकण्याचा मोह होतो, पण पचनालाही प्राणवायू लागतो. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावा. तो नसेल, तर पंपाने वरचंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत सोडा. गाळ मात्र ढवळू नका.

वाचलेले मासे अशक्त असतात आणि रोगाला लवकर बळी पडतात. पुढचे काही दिवस खाद्य बेताचं ठेवावं, रात्री एरेटर चालू असावा आणि मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढावेत. ते पाण्यातच कुजले, तर पुढच्या पहाटे पुन्हा प्राणवायू कमी पडतो.