आधी दोरी उतरवा

मंडळी, दसरा जवळ आलाय म्हणून विराटपर्वापासूनच सुरुवात करते. पांडवांनी शमीच्या झाडावर शस्त्रं ठेवली हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, पण ठेवायच्या आधी त्यांनी काय केलं हे फारसं कुणी सांगत नाही. पाचही भावांनी आपापल्या धनुष्याची दोरी उतरवली. आणि हे एका वाक्यात उरकलेलं नाही हं, अर्जुनाने गांडीवाची उतरवली, युधिष्ठिराने उतरवली, भीमाने उतरवली, असं एकेकाचं नाव घेऊन सांगितलंय. मग नकुल झाडावर चढला आणि जिथे पाऊस पोचणार नाही अशी जागा बघून त्याने सगळं घट्ट बांधलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण लाकडी धनुष्य सांभाळायचं म्हणजे मुख्य गोष्टी याच दोन, दोरी उतरवा आणि ओल लागू देऊ नका.

आता का ते सांगते. धनुष्य वाकतं तेव्हा निशाण्याकडची बाजू, तिला आपण पाठ म्हणतो, ती ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. दोरी चढवून नुसतं खुंटीला टांगलं तरी हे ताणणं-दाबणं चालूच असतं, रात्रंदिवस. मग पोटाकडचे तंतू हळूहळू दबूनच राहतात आणि दोरी काढली तरी धनुष्य सरळ होत नाही. तुम्ही बडोदेकर आहात, उत्तरायण तुम्हाला सांगायला नको, गेल्या वर्षीचा पतंग माळ्यावरून काढा आणि त्याची कमान सोडवून बघा, ती वाकलेलीच राहते. व्हायोलिनवालेसुद्धा वाजवून झालं की गजाचे केस सैल करतात, तेच कारण.

माझा पहिला कमठा, म्हणजे धनुष्य, मी असाच घालवला. छोटाउदेपूरकडच्या कवांटमधल्या एका राठवा आदिवासी काकांनी करून दिलेला, बांबूचा. आपल्या तीरकमठा शब्दातला हाच तो कमठा. भिल्ल लोकांकडे तर पूर्वी कमठ्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची असायची, एकाच झाडातून दोन्ही. तर मी तो हौसेने हॉलमध्ये लावला, दोरी चढवलेली, कारण तसा तो छान दिसतो. वर्षभराने उतरवला तर दोरी काढूनही चार बोटं बाक राहिलेला आणि बाणात जीवच नाही. काकांना दाखवला तर ते काही बोलले नाहीत, फक्त बोटाने दोरीकडे दाखवलं. मला ते अजून लागतं.

म्हणून सराव संपला की पहिलं काम दोरी उतरवायची, चहा नंतर. मग सुती कापडाने पुसायचं. ठेवायचं आडवं, दोन लाकडी खुंट्यांवर, दोन्ही टोकांपासून साधारण सारख्या अंतरावर, किंवा मग वरच्या टोकाला टांगून सरळ लोंबतं. कोपऱ्यात काठीसारखं टेकवून उभं करू नका, सगळं वजन खालच्या टोकावर येतं आणि महिनोन्‌महिने तसं राहिलं की खालची पाती, म्हणजे मुठीखालचा वाकणारा भाग, पिळते. भिंत आतली निवडा, पावसात बाहेरची भिंत ओल धरते. खोळ जुन्या सुती साडीची शिवा, रेक्झिन किंवा प्लास्टिकमध्ये आत घाम धरतो.

आपल्याकडे त्रास दोन्ही बाजूंनी आहे. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, कोरडी झळ, लाकूड इतकं सुकतं की ठिसूळ होतं आणि ओढताना मोडतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, लाकूड हवेतलं पाणी पितं, मऊ पडतं आणि बाक धरतं. स्लॅबखालचा माळा आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी या दोन जागा उन्हाळ्यात कायमच्या विसरा. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, अगदी पातळ हात द्यायचा, रंगाच्या दुकानात मागा, क्रिकेटच्या बॅटला लावतात ना त्याच जवसाचं, फक्त हे लवकर वाळतं. वाळलं की वरून मधमाशीचं मेण. खोबरेल किंवा सरसूचं तेल नको, ते वाळतच नाही. आणि बेलतेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, कपड्यांच्या दोरीवर पसरून वाळवा.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली ते सगळ्यांनाच आठवत असेल. आमच्या तळमजल्यावर माझी दोन धनुष्यं पाण्यात होती, दोन्ही धामणीची. धामण म्हणजे मुळातच धनुष्याचं लाकूड, संस्कृतात तिचं नाव धन्वन. घरातल्या एकाने चांगल्या मनानेच त्यातलं एक गच्चीवर कडक उन्हात ठेवलं आणि ते दोन दिवसांत टोकापासून वीतभर उभं चिरलं, कारण टोकाकडून पाणी भराभर उडतं आणि मधलं लाकूड ओलंच राहतं. दुसऱ्याच्या टोकांना मी मेण चोळलं आणि ते सावलीत आडवं ठेवून दिलं, थेट पंख्याखालीसुद्धा नाही. दिवाळी झाली, डिसेंबर आला, तरी दोरी चढवली नाही. ते आज माझ्याकडे आहे.

रिकामी दोरी ओढून सोडणं हे तर लहान मुलं हमखास करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा, बाण नसला की सगळा धक्का लाकडालाच बसतो. खंडेनवमीला पूजा करा, मीही करते, पण हळदकुंकू आणि झेंडूची ओली फुलं रात्रभर धनुष्यावर ठेवू नका, दोरी अडकवायच्या खाचेत पाणी मुरतं. आरती झाली की पुसून घ्या.

आणि कुणाच्या घरी आजोबांचं जुनं धनुष्य असेल तर आज घरी जाऊन लगेच ओढून बघू नका, प्लीज. आधी कापसाचा बोळा पाठीवरून आणि पोटावरून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे कूस उठलीय किंवा चीर आहे, नखाने चाचपून बघा. आडवी चीर दिसली तर ते धनुष्य आता फक्त भिंतीवर, दोरीशिवाय. सगळं ठीक असेल तर दोरी नवी घ्या, चढवताना एकाला धरायला बोलवा, पहिल्या दिवशी चार-पाच इंचच ओढा, वीसेक वेळा, आणि हळूहळू परत आणा, हातातून सोडू नका. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. मध्ये कुठे टिकटिक आवाज आला तर तिथेच थांबा आणि दोरी उतरवून माझ्याकडे घेऊन या.