गोंडस स्नोमॅन पुरे, आता राक्षस करा

नमस्कार मंडळी! सेक्रेटरी ताई म्हणाल्या पाचच मिनिटं बोला आणि हिवाळ्याचं काहीतरी बोला, म्हणून मी बर्फाच्या भुताखेतांवर बोलणार आहे. हसताय ना, हसा, पण गोल पोटाचा हसरा स्नोमॅन आपण सगळ्यांनीच एकदा तरी केलाय आणि खरं सांगा, तो कधी फोटोतल्यासारखा झालाय का? डोकं वाकडं, एक डोळा कपाळावर, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. राक्षसाचं बरं असतं, तो वाकडा झाला की उलट जास्त छान दिसतो.

आणि हे खूळ माझं एकट्याचं नाही हं. १५११ मध्ये ब्रसेल्सला इतकी कडाक्याची थंडी पडली होती की लोकांनी गावभर बर्फाचे शंभरावर पुतळे उभे केले. त्यात संत होते तसे चावट पुतळेही होते आणि मोठ्या लोकांची टिंगलसुद्धा. त्याआधी १४९४ च्या जानेवारीत इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये शिल्पकार मायकेलअँजेलोने तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्यातल्या पिएरोसाठी बर्फाचा पुतळा केला होता, आता तो वितळला त्याला कोण काय करणार.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी मी कडक थंडीत, उणे बारा वगैरे असताना बाहेर गेलो आणि तासभर साखरेसारख्या भुरभुरीत बर्फाशी भांडत बसलो, गोळा काही होईना. बर्फ शून्याच्या आसपासचा, किंचित ओलसर लागतो, ते पाणीच कणांना धरून ठेवतं. मुठीत दाबून बघा, लाडू वळला तर चला, नाहीतर घरात जा आणि चहा घ्या. गोळा लोळवताना पाचोळा-माती चिकटली तर पुसू नका, भुताला तेवढा मेकअप हवाच.

वजनाचा अंदाज मात्र लोकांना नसतो. साठ सेंटिमीटरचा घट्ट गोळा सहज चाळीस-पंचेचाळीस किलोचा होतो आणि मीटरभराचा दोनशे किलोच्या घरात जातो, म्हणजे 'उचलतो मी एकटा' म्हणणाऱ्या काकांना आधीच बाजूला घ्या. (काका, तुमच्याकडेच बघतोय.) खालचा गोळा जिथे राक्षस हवा तिथेच लोळवत न्या आणि मग त्याच्या भोवती बर्फ थापून आकार वाढवा. थापलं की अर्धा तास हात लावायचा नाही, कण एकमेकांना धरतात आणि मग चमच्याने कोरलं तरी ढासळत नाही. आपल्याला तेवढा धीर नसतो हा भाग वेगळा.

भीती कुठून येते? मला वाटायचं दात मोठे केले की झालं. तसं नाही हो, पांढऱ्यावर पांढरं काही दिसतच नाही, दिसते ती सावली. म्हणून डोळे चिकटवायचे नाहीत, खोदायचे, चांगले मनगटापर्यंत हात जाईल इतके खोल, आणि वर भुवईचा जाड कठडा ठेवायचा. हिवाळ्यातलं ऊन आडवं येतं त्यामुळे चारच्या सुमाराला तो चेहरा असा काही होतो की स्वतः बनवलेला असून मी एकदा दचकलो. रात्रीसाठी आत बॅटरीचा छोटा लाइट ठेवा. सुळ्यांना छपराचे बर्फाचे सुळके मिळाले तर सोनंच, ओला बर्फ लावून बसवायचे, पण लटकणाऱ्या सुळक्यांखाली मुलांना उभं करू नका. डोळ्याला काळे दगड लावू नका, काळं ऊन शोषून घेतं, भोवतीचा बर्फ आधी वितळतो आणि दुपारपर्यंत राक्षस आंधळा.

रक्ताबद्दल माझा अनुभव सांगतो. खायचा लाल रंग पाण्यात घालून स्प्रे बाटलीने मारला, अगदी झकास दिसला, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, रंग पसरून सगळा राक्षस फिक्कट गुलाबी, जणू कुणाच्या लग्नाला निघालाय. तेव्हापासून मी लाल अगदी थोडा आणि फक्त तोंडाच्या आत मारतो. संध्याकाळी वरून साधं पाणी फवारलं की रात्रीत बर्फाची चकचकीत साल येते आणि तो जास्त दिवस टिकतो.

मला सगळ्यात आवडतं ते त्याचं वितळणं. साधा स्नोमॅन वितळला की बिचारा वाटतो. हा मात्र वितळताना कुबड काढतो, जबडा खाली लोंबतो, एक हात गळून पडतो, आपण काहीच न करता रोज नवीन भूत तयार! माझी मुलगी सकाळी उठून आधी खिडकीत जाऊन बघते, आज याचं काय गळलं.

तर रविवारी बर्फ ओलसर असला तर हॉलच्या मागे जमूया. रस्त्यापासून लांब, म्हणजे गाडीवाले दचकणार नाहीत. फावडं, बादली, जुने चमचे आणा आणि हातमोज्यांचे दोन जोड आणा, पहिला अर्ध्या तासात भिजणारच आहे.