हतनूरचा गाळ

ही तापी. मुलताईला उगम, सुरतेच्या पुढे समुद्र, मधली वाट ७२४ किलोमीटर. खान्देशाच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. पण ड्रोन जरा वर गेला, की चांगदेवपाशी खाडीच्या मुखासारखा पसारा दिसू लागतो. उथळ पाणी, मधे गाळाची बेटं, कडेला लव्हाळं. डावीकडून तापी, उजवीकडून पूर्णा. काठावर दिसतंय ते चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते.

हे सगळं हतनूर धरणाचं बॅकवॉटर. धरणाला दरवाजे ४१. पावसाळ्यात ते उघडले की भुसावळकर गाड्या काढून बघायला येतात, आणि बघण्यासारखं असतंच.

आता पाण्याचा रंग बघा. पूर्णा वऱ्हाडातली काळी माती धुऊन आणते, तापी सातपुड्याच्या उतारावरची. पाणी अडलं की वेग मोडतो. जड वाळू आधी खाली बसते, बारीक गाळ पुढे भिंतीकडे सरकत जातो. सुरतेच्या मुखाशी पोचायची ती माती बरीचशी इथेच थांबते, उरलेलीसाठी खाली गुजरातेत उकाई धरण आहेच. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पाणपक्ष्यांचा हिशेब वेगळा.

पाऊस सरला की पाणी निवळतं, ऊन तळापर्यंत पोचतं आणि गाळात पाणवनस्पती माजते. हे शेपटी वर करून उलटं झालेलं तलवार बदक तिच्याच मागे आहे. शेजारी थापट्या, फावड्यासारखी चोच पाण्यात धरून किडेमकोडे गाळून घेतोय. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे, ते वारकरी. केशरी अंगाची चक्रवाकाची जोडी.

आणि हे पट्टकादंब. डोक्यामागे दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. दिवसभर बेटावर आराम, अंधार पडला की चरायला शेतात. कोवळ्या पिकावर थवा उतरला तर शेतकऱ्याला त्याचं कौतुक नसतं, आणि ते रास्तच आहे.

हिवाळा सरता सरता पाणी उतरू लागतं. शहरांना पाणी, दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी. उघड्या पडलेल्या चिखलात शेकाट्या लांब लाल पायांवर फिरतोय, तुतवार शेपटी हलवत कडेकडेने. थर्माकोलच्या तराफ्यावरून भोई जाळं ओढतायत.

मार्चपासून बेटांवर नदी सुरय येतो. काळी टोपी, पिवळी चोच. घरटं कसलं, वाळूत एक खळगा, त्यात ठिपक्यांची अंडी. नीट बघा, कॅमेरा जवळ गेल्यावरही ती पटकन दिसत नाहीत. भोवती पाणी आहे तोवर ठीक. पाणी आटून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री येतात, गुरं येतात, उघड्या पडलेल्या गाळावर पीक घ्यायला गाळपेराचा नांगर येतो.

हतनूरचं नाव देशातल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत आहे. त्या यादीने राखणदार मिळत नाही. गाळपेराची जमीन देताना मार्च ते मे घरट्यांची तेवढी बेटं वगळली, तर सुरयाची पिल्लं उडेपर्यंत तग धरतील.