बंपरचा रंग आणि जळगावचे ऊन

जळगावातील एका घराच्या ओट्यावर गाडीचा हा काळा बंपर रंगवण्यासाठी पालथा ठेवलेला आहे. आतल्या बाजूचा वाळलेला चिखल पुसला की ‘पीपी’ आणि ‘ईपीडीएम’ ही उठावाची अक्षरे दिसू लागतात. ईपीडीएम हे त्यात मिसळलेले रबर, आणि पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक. ज्या प्लॅस्टिकच्या चटयांसाठी येथील औद्योगिक वसाहत ओळखली जाते, त्यांचेही कूळ हेच. चटईवर सांडलेला रंग वाळल्यावर नखाने सालासारखा निघतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला बंपरची अडचण वेगळी सांगावी लागत नाही.

या प्लॅस्टिकवर रंग पसरतो, पण धरत नाही. म्हणून प्रायमरच्याही आधी त्यावर प्लॅस्टिकसाठीच्या पारदर्शक ‘अ‍ॅडहेजन प्रमोटर’चा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, एक पातळ हात द्यावा लागतो. गाडीच्या बाहेरच्या आरशाचे कव्हर बहुधा एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकचे असते; ते रंग सहज घेते, मात्र कडक थिनरने मऊ पडते.

खरा वेळ खातो तो रंगाआधीचा भाग. डॅशबोर्ड चमकवण्याच्या पॉलिशमधील सिलिकॉन बंपरवर उडालेले असेल, तर त्या जागी रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात; त्यामुळे साबणाने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मगच 600 नंबरचा वॉटर पेपर फिरवावा. आधी घासले तर तो तेलकटपणा ओरखड्यांत जाऊन बसतो.

मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि दुपारी रंगाच्या स्प्रे कॅनमधून निघालेला थेंब बंपरपर्यंत पोहोचेतो अर्धा वाळलेला असतो. पृष्ठभाग मग हाताला खरखरीत लागतो. पावसाळ्यात उलट, रंग पातळ ठेवणारे द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतील ओल त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ धरावी, काळ्या मातीची धूळ बसावी यासाठी अंगणात आधी सडा टाकावा, आणि कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबत, एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत. कॅन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. 50 अंशांच्या वर तो फुटू शकतो.

तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे पुष्कळ दिसतात. रुमाल उन्हाच्या झळांना ठीक आहे, द्रावकाच्या वाफांना नाही; त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्कच हवा.

रंग नको त्या जागा झाकण्यासाठी लावलेला मास्किंग टेप शेवटचा हात पुरता कडक होण्याआधी, तिरका ओढून काढावा. पुरता वाळल्यावर ओढला, तर टेपबरोबर कडेचा रंगही उचलला जातो.